मालदांडीमागची माणसं

मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, माढा या पट्ट्यात जोंधळ्याचं बियाणं घेताना ‘मालदांडी’ एवढं म्हटलं तरी पुरतं. सरकारी कागदावर त्या वाणाचं नाव एम ३५-१. १९३०च्या दशकात मोहोळला, पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या जाणाऱ्या गावरान मालदांडीतूनच निवड करून हे वाण काढलं गेलं. पुढे ते सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडून मराठवाड्यात, कर्नाटकात पसरलं. रब्बी ज्वारीचं कुठलंही नवं वाण आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: मालदांडीपेक्षा सरस आहे का? २०१६ मध्ये शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही लोकांच्या तोंडी नाव मालदांडीचंच होतं.

वाणाचं नाव असं घरोघरी पोचलं. ते निवडणाऱ्यांचं मात्र पोचलं नाही.

मोहोळच्या शाळकरी मुलाला शास्त्रज्ञ विचारले तर तो कलाम सांगेल, रामन सांगेल. ही नावं त्याच्यापर्यंत पोचवायला बरीच मेहनत घेतली गेली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. कलामांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हे सगळं हवंच. पण अग्निबाण पाहायला मुलाला श्रीहरिकोटा गाठावं लागतं, आणि त्याच्या ताटातल्या भाकरीमागचं संशोधन त्याच्याच तालुक्यात झालेलं असतं. ते त्याला कुणी दाखवत नाही, हे खरं नुकसान आहे.

ते काम दिसायला साधं असतं. गावरान जोंधळ्याचं रान म्हणजे सरमिसळ. एक ताट डोक्यावरून जाणारं, शेजारचं आखूड. एक कणीस घट्ट, दुसरं मोकळं. दाणा कुठे टपोरा, कुठे बारका. संशोधक अशा रानातून फिरून मनात भरलेली ताटं हेरतो, खुणेची चिठ्ठी बांधतो. शेजारच्या ताटाचे पराग येऊ नयेत म्हणून फुलोऱ्याआधी कणसावर कागदी पिशवी चढवतो. काढणीला प्रत्येक कणसाचे दाणे वेगळे राखायचे आणि पुढच्या वर्षी एका कणसाची एक ओळ पेरायची. मग ओळींची तुलना. खोडमाशीने पोंगेमर कुठे कमी झाली, ओल तुटल्यावर कोणती ओळ तग धरून राहिली, कोणती लोळली, कडबा किती निघाला, दाण्याला मोत्याची झाक आहे की नाही. रब्बीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, म्हणजे चुकलेली निवड दुरुस्त करायची संधीही वर्षाने. दहातल्या नऊ ओळी टाकून द्यायच्या आणि उरलेलीवर पुन्हा तीच मेहनत घ्यायची, हा त्या कामाचा स्वभाव. बरं, शेवटचा निवाडा प्रयोगशाळेत होत नाही. तो तव्यावर आणि गोठ्यात होतो. मालदांडी या दोन्ही ठिकाणी उतरली. तिची भाकरी गोड लागते, आणि दुष्काळी मुलखात कडब्याला धान्याइतकाच मान असतो.

हे एकट्यादुकट्याचं वेड नव्हतं. सोलापूरचा शेतकरी परतीच्या पावसावर पेरतो आणि पुढे थंडीभर काळ्या जमिनीतल्या ओलीवर पीक काढतो. ती ओल कशी धरून ठेवायची, यावर व्ही. ए. ताम्हणे यांनी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला काम सुरू केलं. पुढे ते एन. व्ही. कानिटकरांनी वाढवलं. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर इथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं उभी राहिली. बांधबंदिस्ती, शेणखत, बियाणं कमी वापरून रुंद अंतरावर पेरणी, वरचेवर कोळपणी, अशी पद्धत त्या काळात बसवली गेली. कानिटकरांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. आज सोलापुरात बांध घालणाऱ्या किती जणांनी हे नाव ऐकलं असेल?

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं आणि खरिपाचं चित्र पालटलं. रब्बीत तसं घडलं नाही. संकरित वाणं आली, पण भाकरीची चव आणि कडबा यांच्यापुढे मालदांडी हटली नाही. निवड किती चोख होती, याचा याहून मोठा दाखला कोणता!

बियाण्यामागच्या माणसाचं नाव समाजाने लक्षात ठेवल्याची उदाहरणंही महाराष्ट्रात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानाच्या रानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपल्या, वाढवल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. मोहोळशेजारच्या बार्शी तालुक्यातले गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांचं सीताफळाचं गोल्डन वाण आज दूरवर लावलं जातं. दोघांचंही कौशल्य मोहोळच्या संशोधकांचंच: हजारांतलं एक वेगळं झाड ओळखणारी नजर आणि ते वर्षानुवर्षं जपायची चिकाटी. शेतकऱ्याच्या पोराला हे दोन गुण परके नाहीत. म्हणूनच त्याच्यासाठी हे आदर्श जास्त जवळचे आहेत.

जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. थोर माणसाकडे प्रश्न घेऊन जायचं असतं, हे त्यांनी मुलांना शिकवलं. मोहोळच्या मुलांना तर पोस्टकार्डाचीही गरज नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र गावातच आहे. याच विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘फुले मधुर’ आणि लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ ही खास वाणं दिली आहेत. हुरडा गोड कशामुळे लागतो, लाही फुटते म्हणजे दाण्यात नेमकं काय होतं, हे प्रश्न कोणत्याही सहावीतल्या मुलीला पडू शकतात, आणि त्यांची उत्तरं देणारी माणसं तिच्याच गावात नोकरीला आहेत.

विज्ञान दिन येतो तेव्हा मोहोळच्या शिवारात जोंधळ्याची काढणी चाललेली असते. त्या दिवशी शाळांनी भाषणांना एक तास द्यावा आणि उरलेला दिवस मुलांना केंद्राच्या रानात न्यावं. तिथे ओळीओळीने लावलेल्या पाट्या वाचू द्याव्यात, मालदांडीचं आणि नव्या वाणाचं कणीस हातात घेऊन दाणे मोजू द्यावेत, आणि ज्यांनी ती ओळ राखली त्यांचं नाव वहीत लिहून घेऊ द्यावं.