दंतरोपण

दंतरोपण किंवा डेंटल इम्प्लांट म्हणजे पडलेल्या अथवा काढून टाकलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात कृत्रिम मूळ बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याची उपचारपद्धती होय. कवळी हिरडीवर टेकते, तर ब्रिज शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने बसवला जातो. रोपित दाताला मात्र थेट हाडाचा आधार मिळतो. त्यामुळे या उपचाराचे यश मुख्यतः हाडाच्या व हिरडीच्या आरोग्यावर अवलंबून असते.

इतिहास

१९३१ मध्ये होंडुरासमध्ये इ.स. ६०० च्या सुमाराचा एक जबडा सापडला. त्यात खालच्या पुढील दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते. त्यांच्याभोवती हाड वाढल्याचे पुढे क्ष-किरण तपासणीत आढळले; त्यावरून ते व्यक्तीच्या हयातीतच बसवले गेले असावेत, असे मानले जाते.

आधुनिक दंतरोपणाचे जनक म्हणून स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) ओळखले जातात. १९५० च्या दशकाच्या आरंभी लुंड विद्यापीठात ते सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटेनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले की ते काढता येईना. या घटनेला त्यांनी पुढे ऑसिओइंटिग्रेशन, म्हणजे अस्थिसंयोजन, हे नाव दिले. १९६५ मध्ये त्यांनी प्रथमच एका रुग्णावर हा उपचार केला. १९८२ च्या टोरंटो येथील परिषदेनंतर या पद्धतीस जगभर मान्यता मिळू लागली.

रचना

रोपणाचे तीन भाग असतात : हाडात बसणारा स्क्रूसारखा भाग, त्यावरील जोडभाग (अबटमेंट) आणि दिसणारी दाताची कॅप. स्क्रू बहुधा टायटेनियमचा, तर काही वेळा झिर्कोनियाचा असतो.

प्रक्रिया

क्ष-किरण किंवा त्रिमितीय सीटी चित्रणाने हाडाची उंची, जाडी व नसांची स्थिती पाहिली जाते. स्थानिक भूल देऊन हाडात ड्रिलने छिद्र पाडतात. या वेळी उष्णतेने हाडाच्या पेशी मरू नयेत म्हणून सलाईनने ते सतत थंड ठेवले जाते. त्यानंतर हाड स्क्रूशी जुळण्यासाठी साधारणतः ३ ते ६ महिने थांबावे लागते आणि मग कॅप बसवली जाते. निवडक रुग्णांमध्ये तात्पुरता दात लगेच बसवता येतो. दात गेल्यावर त्या जागेचे हाड हळूहळू झिजते. ते अपुरे असल्यास आधी अस्थिकलम करावे लागते.

मर्यादा व धोके

अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, जबड्यावर झालेले किरणोपचार आणि हाडांच्या विकारांसाठी दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे यांमुळे अपयशाचा किंवा गुंतागुंतीचा धोका वाढतो. गुटखा-सुपारीच्या सेवनाने तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियाच अवघड ठरते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांमध्ये हा उपचार सहसा टाळला जातो. खालच्या जबड्यातील नसेला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते.

निगा

रोपित दात किडत नाही, म्हणून तो कायमचा निर्धोक आहे असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती असणारे तंतू रोपणाभोवती नसतात. त्यामुळे चावताना पडणारा अतिरिक्त दाब लवकर जाणवत नाही. साचलेल्या कीटणामुळे रोपणाभोवतीच्या ऊतींना सूज येऊन हाड झिजण्याच्या विकारास पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. आरंभी त्यात वेदना नसल्याने तो दुर्लक्षित राहतो आणि अखेरीस रोपण सैल होऊ शकते. म्हणून दिवसातून दोनदा दात घासणे, रोपणाभोवतीच्या फटी विशेष ब्रशने स्वच्छ करणे, तंबाखू टाळणे आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.