जलविद्युत आणि तंत्रज्ञान-केंद्रत्वाची स्पर्धा : मुंबई इलाखा व म्हैसूर संस्थान (नेरळ–खोपोली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शेजारील राज्यांमधील तंत्रज्ञान-केंद्र होण्याची स्पर्धा ही सामान्यतः संगणकयुगाची निर्मिती मानली जाते. ‘बंगळूर की पुणे’ ही चर्चा १९९० नंतर रूढ झाली. तथापि या स्पर्धेची मुळे जलविद्युतेच्या इतिहासात आढळतात.

जलविद्युतेचे दोन मार्ग

म्हैसूर संस्थानाने दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने शिवनसमुद्रम येथे उभारलेले जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये कार्यान्वित झाले. तेथील वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना व १९०५ पासून बंगळूर शहरास मिळू लागली. मुंबई इलाख्यात हेच कार्य खाजगी भांडवलाने केले. टाटांनी लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली आणून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली. १९२२ मध्ये नेरळनजीक भिवपुरी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वेदेखील मुख्यतः थंड हवेसाठी येणाऱ्या प्रवाशांकरिता होती. आधुनिक तंत्र या परिसरात आले. पण ते इतरांच्या गरजेसाठी.

शिक्षणाची जोड

म्हैसूरने विजेला शिक्षणाची जोड दिली. जमशेटजी टाटांच्या मुंबईतील मालमत्तेच्या देणगीतून साकारलेली भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. संस्थानाने तिला ३७१ एकर जमीन दिली. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले व मुंबई सरकारच्या सेवेत अनुभव घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९१७ मध्ये, बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मुंबईचे भांडवल आणि पुण्याचे शिक्षण अशा रीतीने शेजारच्या संस्थानाच्या उपयोगी पडले.

मुंबई इलाखा शिक्षणात मागे होता, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईत १८८७ पासून व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्था होती. पुण्याची परंपरा त्याहून जुनी. परंतु ही केंद्रे घाटाच्या दोन टोकांच्या शहरांत राहिली. मधल्या खोऱ्यात वीजगृहे आली, विद्यालये आली नाहीत.

निष्कर्ष

वीज तारेवरून दूर नेता येते; कौशल्य मात्र जेथे शिकविले जाते तेथेच रुजते. संगणक उद्योग बंगळूर व पुण्यात स्थिरावला, यामागे तेथील जुन्या शिक्षणसंस्थांचाही वाटा आहे. म्हणून जमीन व करसवलतींवर भर देणाऱ्या राज्यांनी, प्रकल्पामुळे स्थानिक तरुण काय शिकला, हा निकषही स्वीकारणे अगत्याचे ठरते. नेरळ–खोपोली परिसराचा इतिहास हेच सुचवितो.