तरोट्याची कॉफी : एका पर्यायाचा इतिहास

आज आपण जंगलपट्ट्यातली एक साधी वस्तू घेऊ, तरोटा. कोकणात याच झाडाला टाकळा म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीत पहिला पाऊस झाला की तो बांधावर, रस्त्याच्या कडेला उगवतो. कोवळ्या पानांची भाजी होते. पुढे शेंगा वाळल्या की बी व्यापाऱ्याकडे जातं.

हे बी भाजून, दळून कॉफीऐवजी वापरत, असे उल्लेख वनस्पतींवरच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत सापडतात. यात नवल नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनशी व्यापार तोडला, युरोपात कॉफीची टंचाई झाली आणि चिकोरीचं मूळ भाजून पिणं वाढलं. तीच चिकोरी आज दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत असते.

पण पर्यायाला मूळ वस्तूचे नियम लागू होतातच असं नाही. कॉफीचं बघा. फ्रेंच प्रेसमध्ये पूड चारेक मिनिटं पाण्यात राहते, म्हणून ती रव्यासारखी जाड लागते. मोका पॉटमध्ये वाफेच्या दाबाने पाणी झरकन वर चढतं, तिथे बारीक दळावं लागतं. पितळी फिल्टरला मधली पूड हवी. फार बारीक झाली तर छिद्रं बुजतात, जाड झाली तर पाणी भर्रकन खाली उतरतं आणि कॉफी पांचट होते.

तरोट्याच्या बियांत मात्र गोंद असतो. पदार्थाला दाटपणा आणणाऱ्या या गोंदासाठीच बियांना बाजार आहे. त्यामुळे ती बारीक दळली तर पाणी बुळबुळीत होऊ लागतं आणि फिल्टर तुंबतो. कोरिया, चीन, जपानमध्ये हेच किंवा याच्या अगदी जवळच्या जातीचं बी अख्खंच भाजतात आणि गरम पाण्यात उकळून गाळतात. दळण्याची गरजच नाही. यात कॅफीन नसतं, आणि जास्त प्यायलं तर पोट सैल होतं.

आता खरा धोका सांगतो. त्याच जुन्या ग्रंथांत कासविंद्याचं बीही कॉफीचा पर्याय म्हणून नोंदलेलं आहे, भाजल्यावर त्याचा दोष जातो असंही म्हटलं आहे. यावर विसंबू नये. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचं संभाव्य कारण म्हणून २००७ मध्ये संशोधकांनी कासविंद्याच्या बियांकडेच बोट दाखवलं. हा आजार यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घालतो.

ओळख झाडावरच करायची. तरोट्याच्या पानात गोलसर पानांच्या तीन जोड्या असतात, शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, बी कोनेदार. कासविंद्याची पानं टोकदार आणि जोड्या जास्त, शेंग चपटी, बीही चपटं. भाजून दळल्यावर दोन्ही सारखीच काळी दिसतात. तेव्हा ओळख पटली नसेल, तर ते बी चुलीपर्यंत नेऊच नये.