घाडी

सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत (गावच्या देवकार्याच्या पारंपरिक व्यवस्थेत) ग्रामदेवता, शिवेवरचे राखणदार देवचार आणि ग्रामस्थ यांच्यात मध्यस्थी करणारा मानकरी. हा मान सहसा वंशपरंपरेने चालतो. नारळ ठेवून घाडी मालवणीत गाऱ्हाणे घालतो. प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवाचे मत जाणण्यासाठी पाषाणाला कळे (फुलांच्या कळ्या वा पाकळ्या) चिकटवून कौल लावतात. उजवा कळा पडला, की साधारणतः देवाचा होकार मानतात. कधी कुणाच्या अंगात देव येतो, त्याला ‘अवसर’ म्हणतात. मालवण तालुक्यातील आचरे गावात रामेश्वराच्या कौलाने गावपळण ठरते. तेव्हा तीन दिवस, तीन रात्री माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर राहतात. देवराईत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, कुऱ्हाड चालवू नये, हा धाकही याच श्रद्धेचा. कोकणातील देवरायांमधले अनेक जुने वृक्ष त्यामुळे वाचले. हा ठेवा जपायला हवा.