मोरा ते किहीम : पाहण्याच्या छंदाचा इतिहास

हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये आम्ही बसतो तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. लाँच धक्का सोडते न सोडते तोच पांढऱ्या-राखी पंखांचे कुरव तिच्या मागे लागतात. कोणी गाठ्या फेकतो, कोणी कुरमुरे. पक्षी ते हवेतल्या हवेत टिपतात. मग एखादे लहान मूल विचारते, ‘‘अम्मी, हे कुठून येतात?’’ अम्मी म्हणते, ‘‘समुद्रातून.’’

उत्तर बरोबर नाही. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियातल्या आणि तिबेटच्या उंच पठारावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर उतरतात. पण आम्हाला नवल वाटते ते त्या प्रश्नाचे. मुलाला त्या पक्ष्याचे मांस नको, पिसे नकोत. तो कुठून आला हे कळून त्याच्या ताटात काही वाढणार नाही. मग तो विचारतो कशासाठी?

माणूस निसर्गाकडे पाहू लागला तो आधी गरजेपोटी, हे उघड आहे. मोरा बंदरात हे अजूनही समजते. इथे गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि उतारूंना पाणी चढण्याची वाट पाहत बसावे लागते. म्हणून उधाण कधी आणि भांग कधी, हे इथल्या कोळ्याला पंचांग न उघडता ठाऊक असते. आपल्यालाही ते ठाऊक असायला हरकत नाही, कारण आपला महिना चंद्राचाच. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी पश्चिमेकडे डोळे लावून उभा असलेला माणूस ईदचा चाँद शोधत असतो, आणि तोच चाँद समुद्राला उधाण आणत असतो. पहिल्या आणि पंधराव्या चाँदच्या आसपास उधाण, सातव्या-आठव्याला भांग. कुराण शरीफमध्ये गाय, मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाच्या सुरा आहेत. या जीवांकडे लक्ष द्यावे, हा संस्कार आपल्याला परका नाही.

पण गरज भागली की बहुतेक माणसे नजर वळवतात. काही थोडी माणसे गरज संपल्यावरही पाहतच राहतात. त्यांची गोष्ट आम्हाला सांगायची आहे, आणि योगायोग असा की तिचा एक धागा थेट उरणला येऊन मिळतो.

एडवर्ड हॅमिल्टन एटकन हा इंग्रजी अंमलातला कस्टम आणि मीठ खात्याचा अधिकारी. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. नोकरीत त्याची नेमणूक खाराघोडा, उरण, कारवारकडचा मुलूख, रत्नागिरी अशी फिरत राहिली. मिठागरांवर नजर ठेवणे, मिठावरचा कर चुकू न देणे, हे त्याचे काम. पण मिठागर म्हणजे उथळ पाणी आणि चिखल, आणि उथळ पाणी म्हणजे पक्षी. सरकारने त्याला मीठ पाहायला पाठवले, तो पाखरे आणि किडेही पाहून आला. आपल्या आवारातल्या मुंग्या, उंदीर, कावळे यांच्यावर त्याने लिहिलेले विनोदी पुस्तक १८८३ साली निघाले. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. एटकन त्यांच्यापैकी एक. त्या आठांत दोन आपली मराठी माणसेही होती : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हा साहेबांचाच शौक होता असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

या सोसायटीच्या दारात पुढे एक दहा-बारा वर्षांचा मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. तो म्हणजे सलीम अली. १८९६ साली मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्म. आईबाप लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणे हा मुलांचा खेळ होता आणि मारलेली चिमणी हलाल करून खाल्ली जाई. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाणे जायज आहे का? मुलगा मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. ते सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला तिथल्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. मिलर्डने पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक दाखवले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही सलीम अलींनी ती चिमणी ठेवली.

आम्हाला या प्रसंगात महत्त्वाची वाटते ती ती शंका. हलाल की हराम, हा मुसलमान घरातला रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ‘हे आहे तरी काय?’ हे विचारावे लागते. मामांनी ‘फेकून दे’ म्हटले असते तरी तंटा मिटला असता. त्यांनी मुलाला जाणकाराकडे धाडले. एका वडीलधाऱ्याने ‘मला ठाऊक नाही, विचारून ये’ म्हटले, एवढ्यावर पुढचे सारे घडले.

अर्थात आपल्याकडे पाहण्याची परंपरा त्याहून जुनी. १९२७-२८ च्या सुमारास सलीम अलींनीच सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर लेखमाला लिहिली. बाबराने हिंदुस्थानातले प्राणी, झाडे, फळे यांची तपशीलवार वर्णने लिहून ठेवली. जहांगीराने सारसांची एक जोडी पाळली, तिला लैला-मजनू नावे दिली. मादीने अंडी कधी घातली, नर-मादी आळीपाळीने कसे बसतात, पिले कधी निघाली, हे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवले. शिकारीचा शौक असलेला हा बादशहा अंड्यांवर बसलेल्या पाखराकडे तासन्‌तास पाहत राही. त्याचेही मूळ नाव सलीमच!

आता मोऱ्याहून थोडे दक्षिणेला जाऊ. उरणमार्गे करंजा गाठायचे, खाडी ओलांडून रेवसला उतरायचे, की पुढे अलिबागच्या वाटेवर किहीम. १९३० साली जर्मनीत शिकून परतलेल्या सलीम अलींची संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी गेली होती. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या किहीमच्या घरात त्यांनी बिऱ्हाड केले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाने शिडी लावली आणि वर बसून पाहायला सुरुवात केली.

मराठी माणसाच्या मनात सुगरण ही बाई आहे. नावच स्त्रीलिंगी, आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेने ती आई म्हणून घराघरात पोचवली. किहीमला दिसले ते असे : खोपा विणतो तो नर. तो अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीने पसंत केला तर ती आत राहते, नर तो पुरा करतो, आणि लगेच दुसरा खोपा, दुसऱ्या मादीसाठी, सुरू करतो. १९३१ साली हे छापून आले आणि सलीम अलींचे नाव अभ्यासकांत झाले. यामुळे बहिणाबाई खोट्या ठरत नाहीत. त्यांनी खोप्यात माया पाहिली, ती पिलांना चारा भरवणाऱ्या पाखरात आहेच. पण पाहत राहिले की आपलीच समजूत दुरुस्त होते, आणि त्यात एक वेगळा आनंद असतो. आम्हाला वाटते, माणूस या छंदाकडे ओढला जातो तो या आनंदासाठी.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. सलीम अली, हुमायून अब्दुलअली, १९५९ साली पक्षीनिरीक्षकांचे वार्तापत्र सुरू करणारे जफर फतेहअली, ही सारी सुस्थितीतल्या घरांतली माणसे. बेकारीतही डोक्यावर छप्पर होते. त्याच १९३० साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. सरकारने बंदी घातलेले गवत आणि लाकूड यांच्यावरचा हक्क लोक मागत होते. गोळीबारात आठ जण शहीद झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्याला रानातले प्रत्येक कंद, प्रत्येक पाऊलखूण ओळखता येते. हे इल्म कमी दर्जाचे नव्हते, पण ते लिहून घ्यायला कोणी आले नाही. पाहण्याला फुरसत लागत नाही. पाहिलेले कागदावर टिकवायला मात्र लागते.

आज हाच हिशेब आपल्या दारात आला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्ही सुरू झाली. लोकांची सोय झाली, ती आम्हालाही हवीच होती. पण उरणच्या पाणजे, भेंडखळकडच्या पाणथळ जागा, जिथे रोहित आणि चिखले तुडवणारे कितीतरी परदेशी पक्षी उतरतात, त्या आक्रसत चालल्या आहेत. पाणजेला भरतीचे पाणी अडवले जाते, अशी तक्रार निसर्गप्रेमी अनेक वर्षे करत आले आहेत. असा वाद निघाला की पहिला प्रश्न येतो : इथे पक्षी होते, याचा पुरावा काय? तेव्हा उपयोगी पडते ती कोणीतरी छंद म्हणून लिहिलेली तारीख, जागा आणि संख्या. ज्याची नोंद नाही, ते गेल्याचेही कोणाला कळत नाही.

आमच्या घरांतून पाखरे पाहणे हा रिकामटेकडा उद्योग समजला जातो. मुलाने गणित करावे, इंजिनिअर व्हावे. जरूर व्हावे. पण लाँचवरच्या मुलाने विचारले, तर ‘समुद्रातून’ म्हणून त्याला गप्प करू नये. अमिरुद्दीन मामांसारखे म्हणावे, ‘‘बेटा, मला ठाऊक नाही. चल, विचारून येऊ.’’ आणि घरी पोचल्यावर वहीत तारीख टाकून लिहायला लावावे : मोऱ्याच्या लाँचमागे आज इतके कुरव होते.