खोका ते ओटीपी

एकदा वापरला की निकामी होणारा परवलीचा शब्द ही संगणकयुगाची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. पेढ्यांवर मात्र ही युक्ती फार आधीच रुळलेली होती. हुंडीचे पैसे चुकते झाले की त्या कागदाला ‘खोका’ म्हणत. (आजच्या राजकारणातला खोका वेगळा, तो भरलेला असतो.) तोच कागद पुन्हा पुढे करून कोणी पैसे मागू नयेत, म्हणून पेढीवाला तो जपून ठेवी. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’ लिहून मिळे. पैसे मात्र तिन्हींपैकी एकीवरच. आमच्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चाले आणि मुंबईकडे कलदार. अशा दोन नाण्यांच्या मुलखात रोकड वाहून नेण्यापेक्षा कागद बरा, हे सांगायला नको.

या कागदात दोन खुब्या होत्या. रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहून वर तिची निमपटही लिहीत: निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर. खाडाखोड करणाऱ्याला सगळीकडेच हात घालावा लागे. दुसरी खुबी ‘शाहजोग’ हुंडीची. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यायचे. माणूस पारखण्याची जोखीम पैसे देणाऱ्या पेढीवर होती. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

संगणकात अडचण वेगळी होती. पासवर्ड तारेवरून जातो आणि वाटेत कान लावून बसलेला तो टिपतो. नोव्हेंबर १९८१मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने यावर एक सुरेख तोड मांडली. एका गुपितावर उलट न फिरवता येणारी गणिती क्रिया समजा हजार वेळा करायची आणि शेवटचे उत्तर फक्त सर्व्हरला द्यायचे. प्रवेश करताना वापरकर्ता नऊशे नव्व्याण्णवावे उत्तर सांगतो. सर्व्हर त्यावर एकदा क्रिया करतो, जवळचे उत्तर जुळले की आत घेतो आणि आता हे नवे उत्तर जपतो. पुढच्या खेपेला नऊशे अठ्ठ्याण्णवावे. वाटेत ऐकलेला शब्द शिळा झालेला असतो आणि सर्व्हरची वही चोरली तरी मूळ गुपित त्यात नसतेच.

बेलकोर या अमेरिकी संस्थेत नील हॅलर आणि सहकाऱ्यांनी यावरून ‘एस-की’ ही प्रणाली घडवली. फेब्रुवारी १९९४मध्ये इंटरनेटवर सर्रास पासवर्ड टिपले जात असल्याचा इशारा निघाला, तेव्हा तिची निकड पटली. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने पुढे ‘ओपी’ हे पॅकेज काढले. त्यात सहा छोटे इंग्रजी शब्द टंकायचे, २०४८ शब्दांच्या ठरीव कोशातले. सहा शब्दांत ६६ बिट मावतात. ६४ कामाचे, उरलेले दोन केवळ ताळा पाहण्यासाठी. मला इथे हुंडीतले ‘निमे’ आठवल्यावाचून राहत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्याचे काम पेढीवरच्या मुनिमासारखेच होते. साखळीची सुरुवात शक्यतो यंत्रासमोर बसूनच करायची. वहीत प्रत्येकाचे नाव, उरलेली संख्या आणि शेवटचे उत्तर. लोक शब्दांची छापील यादी खिशात बाळगत आणि एकेक खोडत. संख्या संपण्याआधी नवी साखळी सुरू केली नाही, तर माणूस बाहेरच. सर्वांत नाजूक जागा बॅकअपची. बिघाडानंतर जुनी वही परत बसवली तर मोजणी मागे जाते आणि वापरून झालेले शब्द पुन्हा चालू लागतात. खोक्याची पुन्हा हुंडी होते!

१९९५मध्ये फिनलंडमधून एसएसएच आले. सगळे संभाषणच कूटबद्ध होऊ लागल्यावर कान लावणाऱ्याची भीती ओसरली आणि ही पॅकेजे अडगळीत गेली. फ्रीबीएसडीने २०२३च्या चौदाव्या आवृत्तीत ओपी काढूनच टाकले.

आपल्याकडे ओटीपी आला तो बँकेच्या दारातून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. आधी त्यासाठी ठरावीक पासवर्डही चाले. पुढे मोबाइलवरचा आकडा रूढ झाला. नाव तेच, रचना मात्र उलटी. आता गुपित सर्व्हरच तयार करतो आणि उघड्या एसएमएसने धाडतो. सिमकार्ड ज्याच्या हाती, तो शाह!

फोनवर गोड बोलून कोणी लॅम्पोर्टच्या साखळीतला शब्दही काढून घेतला असता, हे खरे. पण तो वापरणारा संगणकाच्या धंद्यातला होता. आज गुलमंडीवरचा भाजीवाला आणि पेन्शनवर जगणारी आजी, दोघांनी सहा आकड्यांची राखण करायची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने ठरवले होते, की त्रयस्थाच्या घुसखोरीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. मात्र ग्राहकाने स्वतः तपशील सांगितले असतील, तर कळवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. हुंडीच्या बाजारात माणूस पारखणे पेढीचे काम होते. इथे ते खातेदाराच्या गळ्यात पडले, आणि हा बदल, माझ्या मते, फारशी चर्चा न होताच झाला. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीचे नवे निर्देश काढले. लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. एसएमएसखेरीज इतर मार्गांना त्यात वाव आहे आणि निर्देश न पाळल्याने नुकसान झाले, तर कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेने ते पूर्ण भरून द्यायचे आहे. ‘ओटीपी सांगितला’ या शेऱ्यावर बंद होणाऱ्या तक्रारी त्यात बसतात का, ते पाहायचे.