विचारून घरात शिरणारा चोर

चोराची आपली पारंपरिक कल्पना अशी की तो रात्री येतो, कौले सरकवतो किंवा भिंतीला भोक पाडतो. घरफोडीची कायद्यातील व्याख्याही बऱ्याच अंशी याच कल्पनेवर उभी आहे. मोबाइल फोनमध्ये शिरणाऱ्या उपद्रवी कार्यक्रमांना आज सर्रास व्हायरस किंवा मालवेअर म्हणतात. त्यांचा वीस-बावीस वर्षांचा इतिहास चाळला असता मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. हा चोर बहुधा दाराशी उभा राहून, आत येऊ का, असे विचारतो. आणि घरधनी होकार देतो. संमती या शब्दाचा कीस काढण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले अशा आम्हां वकिलांना हा इतिहास म्हणूनच विशेष उद्बोधक वाटतो.

त्याचा आरंभ 2004 सालच्या जून महिन्यापासून धरण्याचा प्रघात आहे. 'कॅबिर' नावाचा एक कार्यक्रम त्या वेळी व्हायरसविरोधी काम करणाऱ्या कंपन्यांच्या हाती आला. सिम्बियन प्रणालीवर चालणाऱ्या नोकियासारख्या फोनमध्ये तो ब्लूटूथच्या वाटे, म्हणजे सुमारे दहा मीटरच्या परिघात, एका खिशातून दुसऱ्या खिशात जाई. जाण्यापूर्वी फोन आपल्या धन्यास रीतसर विचारी : संदेश घ्यावा काय? हा कार्यक्रम बसवावा काय? नाही म्हटले तरी प्रश्न थांबत नसे. बाधित फोन जवळ असेतोवर तोच प्रश्न पुनःपुन्हा पडद्यावर उमटे. कंटाळून माणूस एकदाचा 'हो' म्हणे आणि तेथेच फसे. भिडस्त माणसाकडून वर्गणी काढणाऱ्यांची रीतही काही निराळी नसते! कॅबिरचे नुकसान म्हणाल तर एवढेच, की सावज शोधण्याच्या नादात तो फोनची बॅटरी संपवून टाकी. तो हिंदुस्थानातही पोहोचला. 2005 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी येथे जागतिक मैदानी स्पर्धा भरल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या दाटीत त्याने चांगलाच संचार केला. त्याच शहरातील एफ-सिक्युअर या कंपनीने तर अशा कार्यक्रमांच्या तपासणीसाठी अॅल्युमिनियम व तांबे यांनी मढवलेली खोली बांधली होती. परीक्षा चालू असता रोग बिनतारी मार्गाने बाहेर पडू नये, हा हेतू. पूर्वी प्लेगच्या रोग्यांना गावाबाहेर झोपड्यांत ठेवीत, त्याचेच हे धातूचे रूप.

2004 च्याच नोव्हेंबरात आलेला 'स्कल्स' अधिक निर्दय होता. फोनचा पडदा नटवणारे साधन म्हणून लोकांनी तो आपण होऊन उतरवून घेतला, आणि पाहतात तो सर्व चिन्हांच्या जागी कवट्या! फोन करणे व घेणे तेवढे उरले, बाकी सारे बंद. त्याचा उतारा मात्र मनोरंजक आहे. फोनचे मूळ कार्यक्रम कायम स्मृतीत जसेच्या तसे सुरक्षित होते. स्कल्सने त्यांच्याच नावाच्या निकामी फायली पुढे आणून उभ्या केल्या होत्या, एवढेच. त्या पुसताच पडदा दूर झाल्यासारखे मूळचे सारे पुन्हा दिसू लागे. कॅबिरचीही गत तीच : त्याच्या फायली शोधून पुसल्या की काम भागे. ते दिवस तुलनेने सुखाचे होते.

कायदा या वेळी काय करीत होता? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्यातील कलम 43 संगणकात व्हायरस सोडणाऱ्यास नुकसानभरपाईस जबाबदार धरते. पण फोन हा संगणक आहे काय, हे त्यात उघड म्हटलेले नव्हते. हा प्रश्न हैदराबादच्या उच्च न्यायालयापुढे 2005 साली एका निराळ्याच तक्रारीतून आला. एका कंपनीने विकलेले फोन दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालावेत म्हणून त्यांच्या आतील आज्ञा बदलल्याचा आरोप होता. मोबाइल फोन हा या कायद्याच्या अर्थाने संगणकच आहे, असे न्यायालयाने सय्यद असिफुद्दीन खटल्यात सांगितले. पुढे 2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 पासून अमलात आली आणि 'संपर्क-साधन' म्हणून मोबाइलचा कायद्यात स्पष्ट नामोल्लेख झाला.

तथापि कलम 43 च्या आरंभीच 'मालकाच्या परवानगीवाचून' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि खरी गोम तेथेच आहे. फोनधारकाने स्वतःच्या बोटाने 'बसवा' हे बटण दाबले, ती परवानगी नव्हे काय? आमच्या मते नव्हे. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व जुन्या दंडसंहितेच्या कलम 90 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेच्या कलम 28 मध्येही आहे. नटव्या चिन्हांना दिलेला होकार कवट्यांना दिला असे कोण म्हणेल?

अँड्रॉइडच्या युगात चोराचे धंदे बदलले. तो आता पैशाच्या मागे लागला. 2011 च्या मार्चमध्ये 'ड्रॉइडड्रीम'ने बाधलेली पन्नासांहून अधिक अॅप खुद्द गूगलच्या बाजारात सापडली. तेव्हा ती बाजारातून काढून गूगलने ग्राहकांच्या फोनमधूनही दुरूनच पुसली. 2019 साली आलेल्या 'एक्सहेल्पर'ने तर कहर केला. फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा केला तरी तो परत येई, कारण जेथे सामान्य पुसणी पोहोचत नाही त्या प्रणालीच्या भागात तो ठाण मांडून बसे. सिमँटेकने त्या ऑक्टोबरात बाधित फोनांचा आकडा 45,000 सांगितला. त्यांत हिंदुस्थानातील फोन पुष्कळ होते. अशा फोनमध्ये मूळ प्रणालीच नव्याने भरावी लागे. कसलाही होकार न मागता शिरणारे कार्यक्रमही आहेत, हे कबूल केले पाहिजे. 'पेगॅसस'ची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली समितीकडे सोपवली. 2022 च्या ऑगस्टमध्ये कळले की तपासलेल्या 29 पैकी 5 फोनांत काही मालवेअर होते, पण ते पेगॅससच असे ठरले नाही. परंतु ती हत्यारे मोठ्यांच्या मागे लागणारी. आपल्या दाराशी येतो तो जुनाच, विचारून शिरणारा.

अलीकडे तो लग्नपत्रिकेच्या वेषात येतो. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानच्या खजिनदारांना जत्रेच्या धामधुमीत अशी पत्रिका आली. धाडणारा ओळखीचा, म्हणजे त्याचा फोन आधीच गेलेला. पत्रिकेच्या नावापुढे 'एपीके' ही अक्षरे होती, ती त्यांच्या ध्यानात आली नाहीत. "वकीलबाब, मी फक्त पत्रिका उघडली हो," असे ते पुढे आम्हांस काकुळतीने सांगत होते. वस्तुतः त्यांनी अॅप बसवले होते आणि त्याला संदेश वाचण्याची मुभाही दिली होती. बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागले. देवाच्या खात्यातून दोन रकमा गेल्या.

त्यांच्या पुतण्याने जे केले ते यथाक्रम होते, म्हणून येथे नोंदवतो. त्याने प्रथम फोनचे इंटरनेट तोडले व सिम काढले. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते थांबवले आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मग फोन 'सेफ मोड'मध्ये चालू केला. त्यात बाहेरून आलेली अॅप निजून राहतात. त्या अॅपला दिलेले अॅडमिन व अॅक्सेसिबिलिटीचे अधिकार आधी काढून घेतले, कारण ते हाती असेतोवर असे अॅप स्वतःला पुसू देत नाही; नंतर अॅप काढले. तरीही विश्वास न ठेवता छायाचित्रे तेवढी वेगळी काढून फोन कोरा केला, आणि सारे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले.

बँकेशी वाद अर्थातच झाला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या हयगयीमुळे झालेली हानी त्याने कळवीपर्यंत त्याच्याच माथी ठेवली होती, कळवल्यानंतरची बँकेच्या. पुतण्याच्या फोनची वेळ नोंदलेली होती, म्हणून तिसरी रक्कम जाता जाता वाचली. पहिल्या दोन रकमांबाबत, 'बसवा' म्हणणे ही हयगय की फसवणूक, यावर आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. दरम्यान महाजनांच्या सभेने ठराव करून एक साधा, बटणांचा फोन घेतला. बँकेचे संदेश आता त्यावर येतात, आणि तो देवस्थानच्या लोखंडी कपाटात असतो.